फोटो चढत नाहीये!

हॉस्टेलमध्ये तक्रार सांगायची एक ठरलेली पद्धत आहे. पंखा "चालत नाहीये", गरम पाणी "येत नाहीये", नेट "लागत नाहीये". यापुढे एक शब्द जास्त बोलायचा नाही. समोरच्याने "म्हणजे नक्की काय होतंय?" असं विचारलंच, तर "अरे, चालतच नाहीये ना!" असं जरा आवाज चढवून सांगायचं. इंजिनिअरिंगची चार वर्षं काढूनसुद्धा ही सवय जात नाही. उलट शेवटच्या वर्षाला ती जास्त पक्की होते, असं माझं निरीक्षण आहे.

२०२५ च्या जानेवारीत याच जातीचं एक वाक्य मी दिवसातून किमान दहा वेळा ऐकलं. "फोटो चढत नाहीये!"

झालं असं की ३१ जानेवारीला आपल्या मेसचे मामा निवृत्त होणार होते. मामांची ओळख या अंकाच्या वाचकांना करून देणं म्हणजे आमटीत पाणी असतं हे सांगण्यासारखं आहे. पीएलमध्ये रात्री दीड वाजता कोणी मेसचं दार वाजवलं तर शिव्या घालत उठणारे आणि शिव्या घालतच चहा टाकणारे, घरून पैसे यायला उशीर झालेल्या पोराचं ताट वहीत न लिहिता वाढणारे. माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं की रविवारी, २ फेब्रुवारीला कॉमन रूममध्ये निरोप समारंभ करायचा, आणि प्रत्येक बॅचने आपल्याकडचे मामांचे फोटो हॉस्टेलच्या ब्लॉगवर टाकायचे. ते समारंभात पडद्यावर दाखवायचे. जे सिनियर्स परदेशात आहेत, ज्यांना रजा मिळणार नव्हती, त्यांच्यासाठी तो फोटो हीच हजेरी. त्यामुळे "चढत नाहीये" म्हणून सोडून देण्यासारखं हे प्रकरण नव्हतं.

ब्लॉग सांभाळायचं काम माझ्याकडे. पात्रता एकच, मी कॉम्प्युटरचा. कॉम्प्युटरच्या मुलाला प्रिंटर, मोबाइल, टीव्हीचा रिमोट, सगळं दुरुस्त करता येतं असा एक समज आहेच.

हा ब्लॉग वर्डप्रेसवर चालतो, कॉलेजच्याच एका सर्व्हरवर. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ ची. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी बी-टू नावाचं एक जुनं ब्लॉगिंग सॉफ्टवेअर घेऊन त्यावर ते उभं केलं. मुलेनवेग तेव्हा १९ वर्षांचा, म्हणजे आपल्या एसईच्या पोराएवढा! (एसईला आपण काय करत होतो हा प्रश्न इथे कोणी विचारू नये.) आणि वेबपेजवरच्या फॉर्ममधून फाइल पाठवायची सोय त्याच्याही आधीची, तिचा मसुदा आरएफसी १८६७ या नावाने नोव्हेंबर १९९५ मध्ये निघाला. म्हणजे तंत्र काही नवीन नाही. तरीही फोटो चढत नाही, कारण "चढणं" ही एक क्रिया नाहीच, चार-पाच क्रियांची रांग आहे.

घरून आलेला फराळाचा डबा डोळ्यासमोर आणा. आधी गेटवर वॉचमनकाका तो बघतात. मग ऑफिसात रजिस्टरला नोंद होते आणि डबा तात्पुरता टेबलाखाली राहतो. मग आत काय आहे ते बघून तो तुमच्या रूमवर जातो. रूमवर त्याचे वाटे पडतात, पार्टनरला एक, समोरच्या रूमला एक. फोटोचंही हेच. गेटवर वेब सर्व्हर असतो, आमच्याकडे एनजिनएक्स. ऑफिस म्हणजे पीएचपी, ते फाइल एका टेम्पररी जागी ठेवतं. मग वर्डप्रेस फाइलचा प्रकार तपासून ती अपलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये, वर्ष आणि महिना यांच्या कप्प्यात हलवतं. आणि मग वाटे पडतात: १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या लहान-मोठ्या आवृत्त्या. शिवाय मूळ फोटो फार मोठा असेल तर २५६० पिक्सेलची एक कामचलाऊ प्रत. म्हणजे तुम्ही टाकलेल्या एका मोठ्या फोटोच्या सर्व्हरवर आठ फायली होतात. हा आठचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो नडणार आहे.

डबा हरवला तर आपण विचारतो, गेटपर्यंत आला होता का? फोटोच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारत नाही. सगळे फक्त स्क्रीनवरचा निरोप वाचतात. आणि हा निरोप सांगतो की गडबड कोणाच्या लक्षात आली. ती झाली कुठे हे त्याला माहीत असेलच असं नाही.

पहिल्या आठवड्यातला निरोप तर फारच गमतीचा. सर्व्हरकडून अनपेक्षित उत्तर आलं, फाइल कदाचित चढलीही असेल, लायब्ररीत जाऊन बघा, अशा अर्थाचा. एखाद्या खिडकीवरचा क्लार्क "झालंही असेल काम, बघा तुम्हीच" म्हणतो ना, अगदी तस्सा. पण पोरांच्या बोलण्यातून एक धागा हाती लागला. व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो बिनबोभाट चढत होते. फोनवरचा मूळ फोटो टाकला की अडत होता. व्हॉट्सअॅप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून काहीशे केबीचा करतं, मूळ फोटो ४-५ एमबीचा. म्हणजे भानगड वजनाची, आणि तीही गेटवरची.

एनजिनएक्सला काही सांगितलं नसेल तर ते १ एमबीच्या वरचं काहीही आत सोडत नाही, ४१३ हा आकडा दाखवून परत पाठवतं. पीएचपीची स्वतःची मर्यादा वेगळी: एका फाइलला २ एमबी, आणि अख्ख्या फॉर्मला ८ एमबी. फॉर्मची मर्यादा ओलांडली तर फार विचित्र प्रकार होतो. पीएचपी फाइलबरोबर फॉर्ममधला बाकीचा मजकूरही टाकून देतं, आणि पुढच्या प्रोग्रॅमला वाटतं की कोणी काही पाठवलंच नाही. डबाही परत, चिठ्ठीही परत, आणि ऑफिस म्हणतं "तुमच्या नावाचं काही आलंच नाही".

या तीनही मर्यादा एकत्र वाढवाव्या लागतात. एकच वाढवून "काही फरक पडला नाही" म्हणणारे पुष्कळ. त्यात आणखी एक फसवणूक आहे. टर्मिनलवर पीएचपीला त्याची सेटिंग्ज विचारली तर ते कमांड लाइनची फाइल दाखवतं. वेबसाठीची फाइल बहुधा निराळी असते. त्यापेक्षा वर्डप्रेसच्या टूल्समध्ये साइट हेल्थ म्हणून पान आहे (२०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून), त्यात मीडिया हँडलिंगखाली खरे चालू असलेले आकडे दिसतात. आम्ही ते आकडे कागदावर लिहून सिस्टिम अॅडमिन सरांकडे गेलो. सरांचा पहिला प्रश्न, "फोटो मोजलेत का? सर्वांत मोठा केवढा आहे?" मोजले होते. ११ एमबी. सरांनी फाइलला १६, फॉर्मला २० आणि गेटला २० एमबी करून दिलं. फॉर्मला जास्त, कारण फाइलबरोबर इतरही मजकूर असतो. पाच मिनिटांचं काम.

मोजून गेलं की सर लोक पटकन कामं करतात, हे ज्युनिअर्सनी लिहून ठेवावं.

मग मधल्या काळात किरकोळ दुखणी आली. एका आयफोनवाल्या सिनियरचे सगळे फोटो एचईआयसी प्रकारातले. अॅपलने २०१७ मध्ये हा प्रकार आणला, जागा कमी लागते म्हणून. वर्डप्रेस ६.७ पासून त्याचं जेपेग करून घेतं, पण सर्व्हरवर त्याला समजणारी इमॅजिक लायब्ररी असेल तर. आमच्याकडे नुसती जीडी. त्यांनी फोनवरच जेपेग करून पाठवले, विषय संपला. दुसऱ्या एकाने फाइलला मराठीत भलंमोठं नाव दिलेलं, जवळपास निबंधच. मराठीत नाव द्यायला काहीच हरकत नाही, फक्त हिशेब माहीत असावा: देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायचं हलन्तसुद्धा, ३ बाइट खातं. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात, म्हणजे ८५ चिन्हं. पत्त्यात तर एका चिन्हाची ९ अक्षरं होतात. नुसतं "मामा" लिहिलं तरी ३६!

खरी मजा ग्रुप फोटोंची.

आपल्या हॉस्टेलचा दरवर्षी एक ग्रुप फोटो निघतो, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली "बसलेले डावीकडून", "उभे असलेले डावीकडून" अशी बारीक छापलेली नावं. जुन्या फोटोंचा एक गठ्ठा रेक्टरसरांच्या कपाटात निघाला. मामा त्यातल्या कित्येकांत आहेत, मागच्या रांगेत, अॅप्रन घालून. आमच्या पार्टनरने लायब्ररीतल्या स्कॅनरवर ते मन लावून स्कॅन केले. "एकदाच करायचं तर भारी करू" म्हणून ६०० डीपीआयवर. फाइल ४ एमबीची, म्हणजे आमच्या मर्यादेच्या खूपच आत. तरी चढेना! रेघ १०० टक्क्यांपर्यंत जायची, थोडा वेळ थांबायची आणि मग निरोप यायचा, की सर्व्हर बिझी असेल किंवा फोटो फार मोठा असेल, शक्यतो २५६० पिक्सेलपर्यंतचा द्या. पार्टनरने यातला "सर्व्हर बिझी" एवढाच भाग मनावर घेतला आणि रात्री तीनचा गजर लावून सर्व्हर मोकळा असताना प्रयत्न करून बघितला.

इथे हिशेब करावा लागतो. ए-फोर आकाराचं काहीही ६०० डीपीआयला स्कॅन केलं की ४९६० गुणिले ७०१६, म्हणजे सुमारे ३ कोटी ४८ लाख पिक्सेल होतात. जेपेग ही घडी घातलेली सतरंजी आहे. घडी ४ एमबीची असली तरी लहान आवृत्ती काढायची तर ती पूर्ण पसरावी लागते. जीडी एका पिक्सेलला ४ बाइट घेते. झाले १३ कोटी ९२ लाख बाइट. एका पीएचपी कामाला आमच्या सर्व्हरवर मेमरी मिळते १२८ एमबी, म्हणजे १३ कोटी ४२ लाख बाइट. पासिंगला दोन मार्क कमी पडावेत तसा आमचा ग्रुप फोटो थोडक्यात आपटत होता. वर्डप्रेस फोटोच्या कामापुरती २५६ एमबी मागून घेतं, पण सर्वांना सारखं मिळावं म्हणून सरांनी १२८ वर कुलूप लावलेलं. ते योग्यच होतं, त्या एका सर्व्हरवर शंभरेक मुलांची खाती आहेत.

उपाय सोपा. ३०० डीपीआयवर स्कॅन. लांबी-रुंदी निम्मी, पिक्सेल पाव, मेमरी साधारण ३५ एमबी. खालची नावंही स्वच्छ वाचता येतात. पार्टनरने सगळा गठ्ठा पुन्हा स्कॅन केला आणि चार दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला.

शनिवारी, १ फेब्रुवारीला संध्याकाळपर्यंत दोनशेच्या वर फोटो चढले होते. अमेरिकेतल्या एका बॅचचे तेवढे राहिले होते, त्यांची सकाळ झाली तेव्हा ते आले. रात्री साडेदहाला टाकायला बसलो तर नवाच निरोप. अपलोड्समधला २०२५ च्या आतला ०२ नावाचा फोल्डर तयार करता येत नाही. वरच्या फोल्डरमध्ये सर्व्हरला लिहिता येतं का ते बघा.

पार्टनर लगेच म्हणाला, "परमिशन. सातशे सत्त्याहत्तर मार."

सातशे सत्त्याहत्तर म्हणजे त्या फोल्डरमध्ये वाचणं, लिहिणं, चालवणं, सगळं सगळ्यांना खुलं. ४ वाचायचे, २ लिहायचे, १ चालवायचा, बेरीज ७. मालकाला, गटाला आणि गावाला. इंटरनेटवर हा सल्ला घरगुती औषधासारखा फिरतो.

"अरे, शंभर जणांची खाती आहेत इथे. कोणीही आपल्या फोल्डरमध्ये काहीही प्रोग्रॅम आणून टाकेल आणि तो ब्लॉगच्या नावाने चालेल."

"उद्या संध्याकाळपर्यंतच रे. कार्यक्रम झाला की परत ठेवू."

"आजवर कोणी परत ठेवलंय?"

"मग त्या बॅचला काय सांगू? त्यातल्या एकाला हॉस्पिटलात असताना मामा पंधरा दिवस डबा नेऊन देत होते. त्याचाच फोटो नाही म्हणून सांगू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण एक गोष्ट पटत नव्हती. जानेवारीचा फोल्डर त्याच मालकाचा, परवानगी तीच ७५५, आणि संध्याकाळी सहापर्यंत त्यात फोटो बिनतक्रार पडत होते. परवानगी आपोआप बदलत नाही. निरोपात फोल्डरचं नाव आलं ते महिना बदलला म्हणून. मी ब्लॉगच्या खात्यातून जानेवारीच्याच फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल बनवून बघितली. तीही बनेना! आणि यावेळचं उत्तर निराळं: डिस्कवर जागा शिल्लक नाही. म्हणजे सातशे सत्त्याहत्तर मारून दार सताड उघडलं असतं आणि फोटो तरीही चढला नसता.

पण डी-एफ कमांडने डिस्क बघितली तर भरलेली फक्त ४१ टक्के. आता मात्र डोकं चालेना. पावणेअकराला सरांना फोन केला. सर क्वार्टर्समध्येच राहतात. माकडटोपी घालून दहा मिनिटांत लॅबला हजर. ओरडतील असं वाटलं होतं, पण स्क्रीनकडे बघून एवढंच म्हणाले, "डी-एफला आय लावून बघितलंत?"

आय लावला. १०० टक्के.

आय म्हणजे आयनोड. लिनक्सच्या ईएक्सटी-फोर डिस्कवर प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, आणि ते किती असणार हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरतं, वेगळं काही सांगितलं नाही तर दर १६ केबीला एक. आमचं पार्टिशन १० जीबीचं, म्हणजे ६,५५,३६०. खोल्या कितीही रिकाम्या असोत, रजिस्टरमधल्या ओळी संपल्या तर नवा मुलगा घेता येत नाही. आमच्या दोनशे फोटोंनी, आठाच्या हिशेबाने, शेवटच्या सोळाशे ओळी खाल्ल्या होत्या. पण उरलेल्या साडेसहा लाख कोणी?

सर फोल्डर मोजत मोजत गेले आणि सापडला एका जुन्या बॅचचा फायनल इयर प्रोजेक्ट, हजेरीची ऑनलाइन सिस्टिम. करणारे कधीच पास होऊन गेले, प्रोजेक्ट चालूच. तो लॉगिनच्या पानावर येणाऱ्या प्रत्येकाची एक सेशन फाइल बनवायचा, आणि तीही स्वतःच्या खास फोल्डरमध्ये. सर्व्हरवरची झाडलोट फक्त ठरलेल्या फोल्डरची होते. या खास फोल्डरकडे कधी कोणी फिरकलंच नाही. सर्च इंजिनांचे बॉट दिवसरात्र त्या पानावर येत राहिले. बॉट कुकी जपत नाहीत, म्हणून दर भेटीला नवी फाइल. बहुतेक शून्य बाइटच्या! म्हणून डिस्क रिकामी दिसत होती.

हजेरीची सिस्टिम, आणि हजेरी लागत होती बॉटची.

त्या फायली एकदम पुसायला गेलं तर कमांडच म्हणते, यादी फार लांब आहे. सरांनी फाइंड कमांडने एकेक शोधून पुसायला लावल्या आणि तोपर्यंत आम्हाला चहा करायला सांगितला. मामा सुटीवर... चुकलो, निवृत्त. मेसमध्ये त्या रात्री चहा आम्हीच केला, तो कसा झाला ते सर सांगतील. बारा वाजून दहा मिनिटांनी ०२ चा फोल्डर बनला. एकपर्यंत अमेरिकेचे सगळे फोटो वर. जायच्या आधी सरांनी त्या प्रोजेक्टचं पान बंद केलं आणि आयनोड ८० टक्क्यांवर गेले की सकाळी मेल यावी अशी सोय करून ठेवली. पार्टनर म्हणाला, "सर, हे आमच्या सिलॅबसला नव्हतं." सर म्हणाले, "होतं. युनिट टाकलं असेल ऑप्शनला."

समारंभाबद्दल याच अंकात दुसरीकडे आलेलंच आहे, मी लिहीत नाही. फक्त एक राहिलंय. पडद्यावर १९९४ चा ग्रुप फोटो आला तेव्हा मामांनी थांबवायला सांगितलं. खाली सगळ्या मुलांची नावं छापलेली आहेत, मागच्या रांगेपुढे मात्र नुसतं "मेस कर्मचारी". मामांनी उठून पडद्याजवळ जाऊन एकेकावर बोट ठेवत नावं सांगितली, पार्टनरने तिथल्या तिथे ती ब्लॉगवर फोटोखाली घातली. पाच जणांपैकी चार झाली. डावीकडून दुसरे, मिशावाले, उंच, हातात झारा धरलेले, त्यांचं नाव मामांनाही आठवलं नाही. ते सहाच महिने होते म्हणे, मिरजेकडचे. त्या काळातल्या कोणा सरांना किंवा ऑफिसातल्या कोणाला आठवत असेल तर कृपया कॉमन रूमच्या बोर्डावर चिठ्ठी लावावी. ती जागा अजून रिकामी ठेवली आहे.